फाटक मी लावलं होतं

हे मी परवापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलाला नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही. तिथं तर मी मुद्दाम दुसराच विषय काढायचो. परवा सांगितलं, पण तेही धड झालं नाही, म्हणून आता लिहायला बसलोय. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, हे बरंच आहे. ओळखीची माणसं फार लवकर "जाऊ द्या हो" म्हणतात. तुम्ही म्हणू नका. निदान सगळं ऐकेपर्यंत तरी.

कुठून सुरू करू? गुडघ्यापासून करतो.

आमचं गाव इंदापूरहून बावड्याकडं जाताना लागतं. ऊस, थोडे पेरू, दारात जनावरं. मी सत्तरीला टेकलो तेव्हा उजव्या गुडघ्यानं काम सोडलं. बारामतीला लेकीकडं, मनीषाकडं राहून ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत रानात पळाल. पळायचं राहिलं, काठी आली. उठताना दुखायचं, बसताना दुखायचं, जोर दिला की डोळ्यापुढं काजवे चमकायचे. लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी दिवसभर खिडकीतून समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी बघत बसायचो. शेवटी मनीषा वैतागली. तिनं तिची जुनी टॅबलेट, म्हणजे मोबाइलचीच मोठी पाटी, माझ्या हातात दिली आणि त्यावर एक गेम लावून दिला.

"आबा, शेतीचा हाय. तुमाला जमंल."

मला रागच आला. पन्नास वर्षं शेती केलेल्या माणसाला काचेवर शेती शिकवताय? पण दुपार मोठी होती. धुणी तरी किती बघणार?

त्या गेममध्ये आपला एक छोटा माणूस असतो. त्याला नाव द्यायचं, कपडे द्यायचे, तोंडवळा द्यायचा. मिशा होत्या, पण सगळ्या परदेशी. माझ्यासारखी एकही नव्हती, म्हणून बिनमिशीचाच ठेवला. नाव ठेवलं 'आबा'. त्याला एक घर, थोडं रान, एक विहीर. शेजारी एक गाव, गावात दहा-वीस माणसं. बस. ह्याच्यापुढं त्यात काही नाही. लढाई नाही, जिंकणं नाही, हरणं नाही. उठायचं, पाणी घालायचं, जनावरं सोडायची, गावात जाऊन माणसांशी बोलायचं, संध्याकाळी जनावरं आत घ्यायची, फाटक लावायचं, झोपायचं. आपली दहा-पंधरा मिनिटं झाली की तिथला दिवस मावळतो.

तुम्ही विचाराल, ह्यात आवडण्यासारखं काय आहे? बायकोही हेच विचारायची. मी टॅबलेट घेऊन गावी परत आलो तेव्हा तिनं दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, "जलमभर रानात राबलं, आता बसून परत रानातच. अवो, पत्तं तरी खेळा!"

तिला कसं सांगणार? तिथं लाईट जात नव्हती. पाण्याची पाळी चुकत नव्हती. ऊस तोडायला टोळी येईल का नाही म्हणून कुणाच्या ओट्यावर जाऊन बसावं लागत नव्हतं. पेरलं की उगवायचं. सांगितलेल्या दिवशी यायचं. मी आयुष्यात कधी असं पीक बघितलं नव्हतं हो, सांगितलेल्या दिवशी येणारं! आणि तो बिनमिशीचा आबा दिवसभर पळायचा. बांधावरून उड्या मारायचा. त्याला गुडघेच नव्हते म्हणा ना.

आणखी एक होतं. त्या गावातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढं बदाम असतात, पत्त्यातल्या बदामासारखे. तुम्ही नीट वागलात, त्याला आवडेल ती वस्तू नेऊन दिलीत की बदाम भरतो. विसरलात की रिकामा होतो. म्हणजे समोरच्याच्या मनात आपल्याबद्दल काय आहे, ते बोट लावून बघता येतं. मी भावकीत जन्म काढला. शेजारच्या बांधावरचा चुलतभाऊ हसून रामराम घालतो तेव्हा त्याच्या पोटात काय आहे हे मला कधी कळलं नाही. सख्ख्या मुलाच्या मनातलं कळलं नाही. आणि इथं सगळं उघडं! लोहार नाराज आहे? त्याला भोपळा नेऊन द्या. झालं.

मी त्यात रमलो. साध्या शब्दात सांगायचं तर मला तिथं करमायचं, आणि इथं करमत नव्हतं.

आता अर्चनाबद्दल सांगायला हवं. आणि इथं माझा हात थांबतो.

अर्चना माझी सून. माहेर डाळजचं. माझा मुलगा दत्ता पोकलेन मशीन चालवतो. कधी इंदापुरात काम, कधी भिगवणच्या बाजूला. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. दारातल्या दोन गायी लग्न होऊन आल्यापासून अर्चनाच बघायची. तिनं त्या दोनाच्या सहा केल्या. कुणी शिकवलं? मोबाइलनं. तालुक्यातल्या बायांचा कसलासा ग्रुप होता, तिथं एकमेकींना विचारायच्या, व्हिडिओ पाठवायच्या. त्यातूनच तिनं मुक्त गोठ्याचं काढलं. म्हणजे जनावरं दावणीला बांधायची नाहीत, कुंपण घालून आत मोकळी सोडायची. बायकोनं कपाळावर हात मारला. दत्ता म्हणाला, "गायी हायत का शाळंतली पोरं? मोकळ्या सोडून कुठं दूध वाढतंय?" पण तिनं हट्टानं केलं आणि दूध वाढलं. मला ते मनापासून आवडलं होतं. पण मी ते तिला कधी बोलून दाखवलं नाही. सासऱ्यानं सुनेचं कौतुक करायची आमच्यात पद्धत नाही. ही पद्धत कुणी पाडली देव जाणे, पण मी ती नेमानं पाळली.

त्या गोठ्याला लागून खुराकाची कोठी होती. आत मक्याचा भरडा, पेंड, आणि भिंतीवर पाण्याच्या मोटरचा स्टार्टर. गोठा आणि कोठी यांच्यामध्ये एक लाकडी फाटक. ते फाटक खाली ओघळलं होतं. कडी घालायची तर गुडघा लावून फळी वर उचलावी लागायची, तेव्हा कडी कोयंड्यात बसायची. अर्चना ते सहज करायची. दत्ता "रविवारी करतो दुरुस्त" म्हणायचा.

एका उन्हाळ्यात डाळजला तिच्या भावाचा साखरपुडा होता. सकाळचं दूध काढून, जनावरांना घालून ती निघाली. दत्ता कामावर, बायको शेजारी कुरडया घालायला. घरी मी. निघताना अर्चना माझ्या खाटेपाशी आली.

"आबा, बाराला लाईट येईल. मोटर तेवढी चालू करा, हौदात पाणी न्हाय. आन् कोठीचं फाटक आठवणीनं लावा. मैना लई आगाऊ हाय."

मैना म्हणजे तिची सगळ्यात चांगली गाय. सात महिन्यांची गाभण होती.

मी म्हणालो, "व्हय व्हय. जा तू निवांत."

बाराला लाईट आली. मी काठी टेकत गेलो, फाटक उघडलं, मोटर चालू केली, परत येऊन पडवीतल्या खाटेवर बसलो, आणि टॅबलेट हातात घेतली. दुपारभर खेळलो. तिथं माझा भोपळ्याचा हंगाम चालला होता. संध्याकाळ झाली, मी जनावरं आत घेतली, फाटक लावलं. पुन्हा सकाळ, पुन्हा संध्याकाळ, पुन्हा फाटक लावलं. किती संध्याकाळी झाल्या त्या एका दुपारी, कुणास ठाऊक.

खरी संध्याकाळ व्हायच्या आधी अर्चना आली. रस्ता गोठ्याच्या बाजूनं आहे, म्हणून ती त्याच वाटेनं, फोनवर तिच्या आईशी "पोचले, पोचले" असं बोलत आत आली. साडी बदलली, बादली घेऊन गोठ्यात गेली, आणि ओरडली. कोठीचं फाटक सताड उघडं होतं. मैना आत. पोतं फाडून तिनं भरडा खाल्ला होता. एवढा भरडा पोटात आंबला की गाय जगणं अवघड. बाकीच्या गायींना तिनं आत येऊच दिलं नव्हतं, म्हणून त्या वाचल्या.

बायको धावत आली. दत्ताही तेवढ्यात पोचला. सगळे एकदम बोलायला लागले. "फाटक कुणी उघडं टाकलं?"

आणि मी म्हणालो, "फाटक मी लावलं होतं. माझ्या पक्कं ध्यानात हाय."

इथं जरा थांबा. हे मी खोटं बोललो नव्हतो. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला ते फाटक लावल्याचं दिसत होतं. हात पुढं गेला, फाटक मिटलं, 'टक' असा आवाज आला. इतकं स्पष्ट की कोर्टातसुद्धा सांगितलं असतं. तोपर्यंत माझा गुन्हा विसरण्याचा होता. म्हाताऱ्या माणसाचा विसर. तो मी नंतर कुठल्या कुठं नेऊन ठेवला ते ऐका.

मी लावलं होतं म्हटल्यावर मग कुणी उघडलं? बायको सुनेकडं वळली. "तूच आल्या आल्या कोठीत डोकावली असशील. फोन कानाला व्हता की न्हाय?"

"फोन व्हता, पण कडीला हात न्हाय लावला, आत्या."

"कानाला फोन आसल्यावर हात कुठं गेला ते कळतंय व्हय?"

दत्ता म्हणाला, "सारखा तो फोन! त्या फोनातच गोठा करायचा व्हता, गायी कशाला घ्यायच्या?"

मी खाटेवर बसून होतो. माझ्या मांडीवर टॅबलेट होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या हातातली वस्तू म्हणजे म्हाताऱ्याचा विरंगुळा, आणि तिच्या हातातली म्हणजे नाद. हे तेव्हाही माझ्या ध्यानात आलं होतं. बोललो का? नाही.

डॉक्टर आले. सोडा पाजला, सलाईन लावलं, पोट हलवून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैना बसली ती उठेना. डोळे आत गेले, रवंथ बंद. डॉक्टर हौदावर हात धूत होते. मी त्यांना साबण द्यायला गेलो. ते हळूच म्हणाले, "आबा, ही गाय काल संध्याकाळी न्हाय, दुपारीच खाऊन बसलीय. लई तास झाल्यात."

बस, एवढंच म्हणाले. त्यांना आमच्या घरातलं भांडण ठाऊक नव्हतं. मी साबण परत घेतला. दुपारीच खाल्लं असेल तर अर्चना तेव्हा डाळजला होती. मग फाटक?

मी काठी टेकत कोठीपाशी गेलो आणि ते फाटक लावून बघितलं. फळी उचलायला गुडघा टेकवला, तर कळ मस्तकात गेली. दात आवळून कशीबशी कडी बसवली. आणि ती कडी 'टक' वाजली नाही. ती खरखरली. गंजकी कडी ती, आयुष्यात कधी 'टक' वाजली नव्हती.

'टक' वाजणारं फाटक दुसरं होतं. काचेतलं. बोट लावलं की मिटणारं. मला जे लख्ख आठवत होतं ते तेच होतं. माझ्या त्या आठवणीत गुडघा दुखलाच नव्हता! बाराला मोटर चालू करून बाहेर आलो, दुखण्याच्या भीतीनं फाटक नुसतं ओढून घेतलं असेल, 'नंतर येऊन लावू' म्हटलं असेल, आणि मग तिथं त्या दुसऱ्या गावात जाऊन दुपारभर फाटकं लावत बसलो. मनाला वाटलं, झालं काम.

हे मला कळलं तेव्हा मैना जिवंत होती. पडवीत सगळी माणसं होती. डेअरीवरचे दोघं-तिघं आले होते, शेजारणी आल्या होत्या. मी वळून चार पावलं गेलो असतो आणि म्हणालो असतो, 'पोरीचा दोष नाही, माझा आहे,' तर काय झालं असतं? कुणी मला घराबाहेर काढलं असतं? काठी हिसकावली असती? काहीही झालं नसतं. मला लाज वाटली, एवढंच. गायीपायी नाही. 'आबा गेम खेळत बसले आणि गाय मेली' असं डेअरीवर बोललं जाईल, ह्याची लाज. गावात माझा शब्द आहे. होता. त्या शब्दासाठी मी गप्प बसलो. दुपारी मैना गेली.

आता मला माझाच जो राग येतो तो पुढचा आहे. विसर पडला ते एका दुपारचं. गप्प बसलो ते वर्षानुवर्षांचं.

महिन्याभरात दत्तानं बाकीच्या गायी विकल्या. अर्चनानं आधी जीव तोडून सांगितलं, मी कडीला हात लावला नाही. मग नुसतं 'नाही' म्हणायला लागली. मग एक दिवस स्वयंपाकघरातून ऐकू आलं, "आसंल आत्या. काढली आसंल मीच. मला आता आठवंना." ते ऐकून मी काय केलं? टॅबलेटचा आवाज मोठा केला.

व्हय, मी गेम सोडला नाही. तुम्हाला वाटलं असेल, ह्या माणसानं ती पाटी दुसऱ्या दिवशी विहिरीत टाकली असेल. नाही टाकली. उलट जास्त खेळायला लागलो. तिथं गायी मरत नाहीत. खाणं विसरलं तर डोक्यावर एक रडका चेहरा येतो, दुसऱ्या दिवशी घातलं की जातो. तिथं मी एका गायीचं नाव मैना ठेवलं. ह्याचा मला आज इतका वैताग येतो की काय सांगू! गाय मारली, नाव चोरलं, आणि त्या चित्रातल्या गायीच्या पाठीवरून बोट फिरवत बसलो.

अर्चना आता एका पॅकिंग शेडवर जाते, पेरू निवडायला. सकाळी डबा घेऊन निघते, रस्त्यापर्यंत जाते, आणि परत येते. कुलूप ओढून बघते. पुन्हा निघते. कधी कधी दुसऱ्यांदाही येते. गॅस बंद केला का म्हणून बायकोला विचारते, बायको हो म्हणते, तरी स्वतः जाऊन बघते. पूर्वी ती अशी नव्हती. सहा गायींच्या तारखा, लसी, कुणाचं दूध कधी आटवायचं, सगळं तिच्या तोंडावर असायचं. ती विसरभोळी झाली असं घरात सगळे म्हणतात. ती विसरत काहीच नाही. तिचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडालाय. तो मी उडवलाय. हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी रोज सकाळी पडवीत बसून तिला परत येताना बघत होतो.

मी काही केलं नाही असंही नाही. गेममध्ये शिकलो तेच केलं! इंदापूरच्या बाजारातून तिला साडी आणवली. दिवाळीला घड्याळ आणवलं. "कशाला आबा?" म्हणायची, पदर सावरून पाया पडायची आणि वस्तू कपाटात ठेवायची. मी तिच्या तोंडाकडं बघत राहायचो, काही भरतंय का म्हणून. माणसाच्या मूर्खपणाला काही हद्द? भोपळा दिला की लोहार खूष होतो, कारण त्या लोहाराचं तुम्ही काही नेलेलं नसतं. त्या गेमात सगळं करता येतं — लग्न लावता येतं, घर वाढवता येतं. पण मी तुझ्यावर आळ येऊ दिला, हे कुणाला सांगायची सोयच त्यात नाही. लागतच नाही ना तिथं. तिथं कुणाचं काही कायमचं बिघडतच नाही.

परवाचं सांगतो.

आमच्या शेजारच्या सुशीला आल्या होत्या. तीन-चार जणी मिळून सामाईक गोठा काढायचं म्हणत होत्या. मुक्त गोठाच. त्यांना अर्चना हवी होती. म्हणाल्या, "तुझ्याशिवाय कुणाला येतंय त्यातलं? आमी राबतो, तू नुसतं बघ."

अर्चनाच्या तोंडावर काहीतरी आलं, मी बघितलं. बऱ्याच वर्षांनी आलं. आणि गेलं.

"नगं ताई," ती म्हणाली. "माझ्यावर इसंबून ऱ्हाऊ नका. माझ्या हातनं ऱ्हातं काय ना काय. परत कुणाची गाय जायाची."

सुशीला गेल्या. विचार कर, उद्या सांग म्हणाल्या होत्या. अर्चना कोठीत गेली. तिथं आता जुनी सायकल आणि पाण्याच्या टाक्या आहेत. मी तिच्या मागं गेलो, आणि दारात उभा राहून सांगितलं. सगळं. मोटर, गेम, 'टक', डॉक्टर, साबण. वाकडंतिकडं सांगितलं, मध्येच थांबलो, पुन्हा मागं गेलो, पण सांगितलं.

ती रडली नाही. ओरडली नाही. टाकीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "डाक्टर त्याच दिवशी बोललं व्हतं?"

"व्हय."

"तवाच सांगितलं आसतं आबा, तर मी काय केलं आसतं? दोन दिवस बोलले नसते. यवढंच." टाकीवरचा हात काढत म्हणाली, "मला वाटत व्हतं माझं डोस्कं गेलंय. माझ्या आईला बी मी तसंच सांगितलंय."

मी काठी दाराला टेकवली.

"मला एकटीला सांगून काय उपेग? समद्यांपुढं सांगा. जेवायला बसल्यावर, मी वाढत आसंन तवा."

मी हो म्हणालो.

आम्ही बसलो. दत्ता, बायको, मी. अर्चना वाढत होती. मी घास बाजूला ठेवला आणि सांगितलं. ह्या वेळी सरळ सांगितलं. दुपारी फाटक मी उघडं टाकलं. गेममधलं लावलं आणि खरं लावलं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मला कळलं होतं. मी बोललो नाही. अर्चनाचा काही दोष नव्हता.

मग दत्ता हसला. म्हणजे अगदी खो-खो हसला. "आबा! गेममधलं फाटक? आरं देवा! हे डेअरीवर सांगितलं तर लोकं आठवडाभर हसत्याल." बायकोनं तोंडाला पदर लावला, तीही हसत होती. "म्हातारपणी पोर झालंय बघा ह्यांचं. जाऊ द्या आता, झाली त्याला वर्षं. जेवा, भाकरी गार व्हतीया."

झालं. माझा निकाल एवढ्यात लागला. भाकरी गार व्हायच्या आत. ज्या गोष्टीसाठी तिच्या गायी गेल्या, तिचा ग्रुप सुटला, पेरूच्या शेडवर जायची वेळ आली, ती गोष्ट माझ्या नावावर आल्याबरोबर विनोद झाली. दत्ता तिला काही म्हणाला नाही. 'चुकलं आमचं' नाही, काही नाही. त्यांना वाटलं, आपण आबांना माफ केलं, विषय संपला. तिच्याकडं बघायचंच कुणाला सुचलं नाही.

मला सुचलं. मी बघितलं. ती आमटीचं पातेलं हातात धरून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. आता आबा काय करतात, हे बघत होती. 'हसू नका' म्हणतात का. 'हिची माफी मागा' म्हणतात का.

दत्तानं माझ्या पाठीवर थाप मारली. सगळे हसत होते, आणि मला इतकं हलकं वाटलं, इतकं सुटल्यासारखं वाटलं, की मीही थोडा हसलो.

अर्चनानं माझ्या वाटीत आमटी वाढली. मग दत्ताच्या. मग सासूच्या. काल सुशीला आल्या तेव्हा ती दारातूनच "नगं" म्हणाली.